लिंबाला टाचण्या, संशय जाऊबाईंवर

प्रश्न : इंदूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. घर एकत्र. खाली सासू-सासरे आणि पत्रलेखिकेचा संसार, वरच्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊ. पत्रलेखिका रसायनशास्त्रात एम.एस्सी., नोकरी करणारी, बाळ सात महिन्यांचं. जाऊबाईंना मूल नाही आणि बाळावर त्यांचा फार जीव. मागच्या महिन्यात त्यांनी बाळाला आखूड झालेलं एक झबलं 'माझ्याकडे राहू दे' म्हणून मागून नेलं. दोन दिवसांनी बाळाला ताप आला. त्याच आठवड्यात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, जिन्याच्या पायरीशी कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. सासूबाईंनी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून बाळाला वर नेणं बंद. रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली जाते, पाळण्याला बिब्बा बांधला आहे, डोळ्यांत काजळ घातलं जातं. आता नात्यातल्या एका आत्याबाईंनी एका महाराजांचं नाव काढलं आहे. 'केलं कोणी' हे ते नावानिशी सांगतात आणि घराला बंधन घालायचे एकवीस हजार घेतात. नवऱ्याचं म्हणणं, आईच्या समाधानासाठी एकदा जाऊन येऊ.

त्या लिहितात, "माझा यातल्या कशावर विश्वास नाही. पण ताप चढला त्या रात्री सासूबाईंच्या हातातलं मीठ मीच घेतलं आणि बाळावरून ओवाळलं. मग मी ढोंगी का? हे सगळं बंद पाडू की चालू देऊ? आणि खरं सांगते, जाऊबाई बाळाकडे बघत राहिल्या की आता माझ्याही पोटात गोळा येतो."

उत्तर :

ताई, पत्रभर तुम्ही विश्वास आणि ढोंग यांचा हिशेब मांडला आहे आणि पोटातल्या गोळ्याचं वाक्य जाता जाता लिहिलं आहे. माझ्या मते खरं पत्र त्या एका वाक्याचं आहे. तरी आधी ढोंगाचं मिटवू, कारण ते लवकर मिटण्यासारखं आहे.

१९८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत साखर भरली. चिठ्ठ्या त्या लोकांनाच चिकटवायला दिल्या, एक 'साखर' आणि दुसरी 'सोडियम सायनाइड'. मग दोन्हींतली साखर घालून पाणी प्यायला दिलं. दुसऱ्या बाटलीतलं पाणी प्यायला माणसं का-कू करू लागली. साखरच आहे हे त्यांना ठाऊक होतं, चिठ्ठीही स्वतःच्याच हाताने लावलेली होती. शिकल्याने ही खोड जात नाही. आपण त्याच्या वर एक मजला चढवतो, एवढंच.

आणि ते मीठ तुम्ही कधी उचललंत? बाळ हसत-खेळत असताना नाही, ताप उतरत नव्हता तेव्हा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरायचे तेव्हा जादूटोण्याच्या भानगडीत पडत नसत. खुल्या समुद्रात जायचं, जिथे मासा मिळेल की नाही आणि माणूस परत येईल की नाही याचीच खात्री नाही, तिथे मात्र साग्रसंगीत विधी. औषध देऊन झालं, पट्ट्या ठेवून झाल्या, पुढे हातात काही उरलं नाही तेव्हा तुमचा हात मिठाकडे गेला. याला मी ढोंग म्हणणार नाही.

आता झबलं आणि लिंबू. वाईट वाटून घेऊ नका, पण सासूबाईंचा तर्क अडाणी नाही, फार जुना आहे. जेम्स फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाने १८९० साली जगभरच्या जादूटोण्यामागचे दोन नियम सांगितले. एक, सारख्याने सारखं घडतं. दुसरा, एकदा अंगाला लागलेली वस्तू दूर गेली तरी तिचा अंगाशी धागा तुटत नाही. टोचलेलं लिंबू पहिल्या नियमाचं, नेलेलं झबलं दुसऱ्याचं.

हे नियम किती दूरवर पोचले होते पाहा. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात कावीळ घालवायचं एक सूक्त आहे. रोग्याचा पिवळेपणा पोपटांच्या आणि दुसऱ्या पाखरांच्या अंगावर ठेवून द्यायचा आणि रोग्याला तांबड्या गाईच्या रंगाने वेढायचं. इकडे ग्रीक लेखक प्लुटार्क, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, जेवणाच्या पंगतीतल्या गप्पा लिहून ठेवताना सांगतो की कावीळ झालेल्या माणसाने खाराड्रियस नावाच्या पक्ष्याकडे पाहिलं की कावीळ पक्ष्यात उतरते. पिवळं पाखराकडे पाठवायची युक्ती दोन्हीकडे एकच. आपल्याकडे काविळीची माळ अजून घालतातच. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरणारी असते, आणि श्रेय माळेला.

पण दुसऱ्या नियमाची एक बाजू तुमच्या घरात कोणाला आठवली नाही. नव्या बाळाला पहिलं अंगडं कोरं घालत नाहीत, धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या बाळाचं जुनं मागून आणतात. तुमच्या बाळालाही घातलं असेल, सासूबाईंना विचारून बघा. म्हणजे कपड्यातून चांगलं येतं हे आपण मानतो, तेव्हा ते झबलं देणाऱ्या घराला कोणी चेटकीण म्हणत नाही. जाऊबाईंनी तेच मागितलं तर त्यात काळंबेरं कुठून आलं? मूल नसलेल्या बाईने लेकराचं झबलं उशाशी ठेवावं यामागे काय असेल ते ओळखायला महाराज लागत नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, बंद पाडू की चालू देऊ. 'हे खरं की खोटं' या प्रश्नावर तुम्ही अडलात. खोटं आहे, त्यावर माझं-तुमचं भांडण नाही. मी दुसरा प्रश्न विचारते. या विधीत कोणाचं नाव घेतलं जातं?

दृष्ट काढताना सासूबाई काय पुटपुटतात ते नीट ऐका. आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, भुताखेताची, इडापिडा टळो. यात सगळे आले आणि कोणीच आलं नाही. पुष्कळ घरांत आईबापाचीही दृष्ट काढतात, कारण लेकराकडे सगळ्यात जास्त कौतुकाने आईच बघते. प्लुटार्कच्या त्या पंगतीतही हे निघालं होतं. काही घरांत बायका लेकरू बापालाच जास्त वेळ बघू देत नाहीत, त्याचीच नजर बाधते म्हणून. म्हणजे 'नजर' हे मुळात दुष्टाव्याचं प्रमाणपत्र नव्हेच.

ही नाव न घेण्याची रीत एकट्या आपल्या घरांची नाही. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात कृत्येवर, म्हणजे कोणी करणी करून पाठवलेल्या बाहुलीवर, सूक्त आहे. नवरीसारखी नटवलेली ती बाहुली. तिला सांगितलं आहे की शूद्राने केलेली असो, राजाने केलेली असो, बाईने किंवा ब्राह्मणांनी केलेली असो, जिने-ज्याने केली त्याच्याकडे परत जा. बॅबिलोन-ॲसिरियाकडे मक्लू नावाचा रात्रभर चालणारा विधी होता. चेटूक करणाऱ्याच्या मेणाच्या, मातीच्या बाहुल्या करून जाळायच्या. तिथलाही मांत्रिक चेटूक करणारीचं नाव घेत नाही, ती बहुतेक अनोळखीच राहते. इंग्लंडमधल्या बाथ गावी रोमन काळातल्या कुंडात शिशाचे सव्वाशेहून जास्त शापपत्रे सापडले, बहुतेक चोरीबद्दलचे. 'पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र' असं त्यांवर पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे. नावाची जागा कोरी. राग देवाच्या हवाली केला आणि शेजारी शेजारी राहिले.

ती कोरी जागा भरली की काय होतं, त्याचाही इतिहास आहे. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावात काही मुलींना झटके येऊ लागले आणि नावं घेतली जाऊ लागली. ब्रिजेट बिशप नावाच्या बाईच्या जुन्या घराच्या भिंतीत टाचण्या टोचलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या सापडल्याची साक्ष दोघा कामकऱ्यांनी दिली. जूनमध्ये तिला फाशी झाली. त्या प्रकरणात एकूण १९ जण फासावर गेले, आणि एका म्हाताऱ्याच्या छातीवर धोंडे रचून त्याला मारलं. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात असे ४० ते ६० हजार जीव गेले असं अभ्यासक मानतात, त्यांत बायकाच जास्त. चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाला हा धोका कळलेला होता. त्याच्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे की कोणी कोणावर चेटकाचा आळ घेतला आणि शाबीत केला नाही, तर आरोपीने नदीत उडी घ्यावी. तो वाचला तर आळ घेणाऱ्याला देहान्त आणि त्याचं घर आरोपीला. न्यायाची पद्धत भयंकर, पण फुकटचं नाव घेण्याला किंमत लावली होती.

तर माझं उत्तर असं. मीठ-मोहऱ्या चालू द्या. बोट मात्र खाली आणा.

मीठ चालू द्यायचं तरी काही गोष्टी बदलाव्या लागतील, आणि तिथे मी अजिबात नमतं घेणार नाही. मिरच्यांची धुरी सात महिन्यांच्या बाळाच्या छातीला बाधते, म्हणून ओवाळून झाल्यावर निखारा अंगणात किंवा गॅलरीत, बाळ आत, दार बंद. 'किती तडतडलं बघ, केवढी दृष्ट होती' याला हसून मान डोलवा. खडेमिठात अडकलेलं पाणी आणि मोहरीतला ओलावा यांचं तडतडणं मी रसायनशास्त्रवालीला काय सांगणार. बिब्बा पाळण्यावरून आजच काढा. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि सात महिन्यांचं पोर हाताला येईल ते तोंडात घालतं. काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायची तर तळपायाला लावा, नजर तिथूनही चुकते असं सासूबाईंना सांगितलंत तर त्या ऐकतील. गळ्यात काळा दोरा नको, फास बसतो.

ताप आला की क्रम एकच, आधी डॉक्टर, मग मीठ. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, श्वास भराभर चालला असेल, लघवी कमी झाली असेल किंवा झटका आला असेल तर मीठसुद्धा नंतर, रिक्षा आधी. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे लगेच डॉक्टर, हे इतर वाचकांसाठी.) ताप दृष्टीने उतरला असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. सतराव्या शतकात युरोपात जखमेऐवजी जखम करणाऱ्या तलवारीला मलम लावायची पद्धत होती. केनेल्म डिग्बी नावाच्या इंग्रज सरदाराने १६५८ साली फ्रान्समध्ये त्यावर व्याख्यानही दिलं. जखमा खरंच बऱ्या व्हायच्या, कारण त्या काळची घाणेरडी मलमं तलवारीला लागत होती आणि जखम नुसती स्वच्छ धुऊन बांधलेली असायची!

लिंबाबद्दल थोडं. कोणी ठेवलं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. रस्त्यातला उतारा कुत्र्याने ओढत आणला असेल, शेजाऱ्यांनी आपल्या दारातली पीडा पुढच्या दारात ढकलली असेल. टाचणी दिसली की मरण, असंही नाही. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात इजिप्तमधली एक मातीची बाई आहे, तिसऱ्या-चौथ्या शतकातली, अंगात १३ सुया. सोबतच्या शिशाच्या पत्र्यावर लिहिलं आहे ते मारण नाही, वशीकरण. तिने एका पुरुषावाचून दुसऱ्या कोणाचा विचार करू नये म्हणून त्या सुया. आणि आपल्या इंदुरात शनिवारी दुकानांवरून उतरवलेली लिंबं-मिरच्या, तिठ्यांवर टाकलेले उतारे, हे सगळं पहाटे उचलतं कोण? महापालिकेचे सफाई कामगार. करणी चिकटणारी असती तर राजवाड्याभोवती झाडू मारणाऱ्या त्या बायका एक महिनाही टिकल्या नसत्या. सासूबाईंपुढे हा मुद्दा मांडून पाहा, पुस्तकातल्या दाखल्यांपेक्षा जास्त लागू पडेल.

महाराजांकडे जाऊ नका. पैशांमुळे नाही, पैसे गेले तर परत मिळवता येतात. ते नाव घेतात म्हणून जाऊ नका. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३७ साली दक्षिण सुदानाकडच्या अझांदे लोकांबद्दल लिहिलं. ते कोंबडीला विष घालून कौल लावत, पण कौलापुढे कोणाची नावं ठेवायची हे विचारणाराच ठरवी, आणि ज्यांच्याशी वाकडं तीच नावं ठेवली जात. तुमचे महाराजही तेच करतील. 'घरातलीच बाई आहे, कूस उजवलेली नाही' एवढं म्हटलं की बाकीचं आत्याबाई पुरं करतील. एक गोष्ट मात्र त्या अझांद्यांकडून घेण्यासारखी आहे. ज्याचं नाव निघे त्याच्याकडे कोंबडीचा पंख पाठवत. तो पंखावर पाणी फुंकून म्हणे, माझ्याकडून काही झालं असेल तर मला ठाऊक नाही, त्या माणसाला बरं वाटो. नाव घेतल्यावर पुढे काय, याची निदान रीत होती. तुमच्या घरात नाव घेऊन झालं आणि जाऊबाईंना बोलायला जागाच ठेवली नाही.

नवऱ्याला सांगा, आईचं समाधान तिथून आणायचं नाही. आईशी त्यांनीच बोलायचं, तुम्ही नाही. आणि बोलण्याआधी विचारायचं, की तिने स्वतः लहानपणी काय पाहिलं. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० मध्ये २८. त्यांच्या माहेरच्या घरात कोणी दगडू, कोणी धोंडू, कोणी नथू निघेल. आधीची वाचली नाहीत म्हणून अशी नावं ठेवत. सासूबाईंची भीती तिथली आहे. तिला खोटं पाडू नका. लसीकरणाचं कार्ड त्यांच्या हातात द्या, पुढची तारीख त्यांनाच लक्षात ठेवायला सांगा, डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या. तिन्हीसांजेच्या मिठाला सकाळची एवढी जोड पुरे.

राहिल्या जाऊबाई, आणि तुमच्या पोटातला गोळा. तो विश्वास न ठेवल्याने जाणार नाही. जवळ गेल्याने जाईल. वर जा, एकट्या जा, बाळाला कडेवर घेऊन जा. खुलासा मागू नका. 'तुम्ही केलंत का' हा प्रश्न विचारला की तो आळच होतो. एवढंच म्हणा, 'वहिनी, खाली जे बोललं गेलं ते मला पटलेलं नाही, आणि मी इतके दिवस गप्प बसले.' मग बाळ त्यांच्या मांडीवर द्या आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून जा. पहिल्या दिवशी जीव वरखाली होईल, होऊ द्या. संक्रांतीला बोरन्हाण कराल तेव्हा बोरं-चुरमुरे डोक्यावरून घालायला पहिला हात त्यांचा ठेवा, आणि बोलावलेल्या बायकांसमोर ठेवा. आळ चारचौघींत गेला असेल तर तो मागेही चारचौघींतच घ्यावा लागतो. सासूबाई तोंड फिरवतील. फिरवू द्या, दृष्ट काढायला ताम्हन त्यांच्याच हातात द्या, आल्यागेल्याची म्हणून.

हे सदर वाचणाऱ्यांत काही जणी त्या वरच्या मजल्यावरच्याही असतील, ज्यांच्याकडे बोट आहे. त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुमच्यावरचा आळ घरातून गल्लीत, गल्लीतून नातलगांत जाऊ लागला तर सोसत बसू नका. महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इकडे मध्य प्रदेशात लागू नाही, पण बदनामी, धमकी, मारहाण यांची कलमं सगळीकडे आहेत, आणि पैसे उकळणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ वं कलम आहे. आणखी एक. 'खरी असशील तर महाराजांपुढे येऊन सिद्ध कर' असं म्हटलं जाईल. कोरडे तांदूळ चावायला देतील, थुंकीने भिजले नाहीत तर दोषी. आपल्या धर्मशास्त्रात दिव्यांच्या, म्हणजे खरं-खोटं ठरवायच्या परीक्षांच्या, यादीत तांदळाचं दिव्य आहेच, नारदस्मृतीत ते येतं. भीतीने निरपराध बाईचंही तोंड कोरडं पडतं, त्यामुळे त्या परीक्षेत पास होण्याची सोयच नाही. जाऊ नका. नवऱ्याला शेजारी उभं करून नाही म्हणा, आणि बोलावणं मोबाइलवर आलं असेल तर तो मेसेज पुसून टाकू नका.